हस्तिदंती म्हणून मिरवलेली मूठ



दिवाळीच्या आधी पेढीवरचं जुनं उतरतं मेज साफ करायला काढलं होतं. मुनीमजी ज्याच्यापुढे मांडी घालून बसायचे, ते. खण ओढताना आतला चाकू सटकला, शहाबादी फरशीवर आपटला आणि त्याच्या मुठीची एक बाजू मधोमध तडकून दोन तुकडे झाले. एक तुकडा तर मेजाखालीच गेला, झाडूनं ओढून काढला.

चाकू छोटासाच, मिटवला की तळहातात मावणारा. दोन पाती, एक मोठं आणि एक करंगळीच्या नखाएवढं. मूठ पिवळसर पांढरी, तुपासारखी. घरात त्याचं नाव ‘हस्तिदंती चाकू’. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हेच ऐकते आहे. आजेसासऱ्यांनी निजामाच्या काळात घेतलेला, विलायतेचा, हस्तिदंती. पाहुणे आले की मामंजी दाखवायचे. आमच्या घरी सोनं फारसं दाखवलं जात नाही, पण हा चाकू दाखवला जायचा.

पेढीवर चाकू कशाला, असा प्रश्न आजच्या मुलांना पडेल. त्याचं उत्तर बोरू. बोरू म्हणजे गवताच्या जातीची पोकळ काडी. तिचं टोक तिरपं कापायचं, मधे बारीक चीर द्यायची, दौतीत बुडवून लिहायचं. लिहून लिहून टोक मऊ पडतं, अक्षर जाड यायला लागतं, की पुन्हा कापायचं. दिवसभर रोकड आणि खतावणी लिहिणाऱ्या माणसाला चाकू दौतीइतकाच जवळ लागायचा. फारसीत याला कलमतराश म्हणतात, कलम तासणारा. इंग्रजीत पेननाइफ म्हणतात तेही याच कारणानं. त्यांच्याकडे पिसाची लेखणी होती, ती तासायला. लेखण्या गेल्या, नाव राहिलं. मी बी.कॉम.ला डबल एंट्री शिकले ती फाउंटन पेननं, आणि आता मुलगा टॅलीवर करतो. तरी वहीपूजनाला पहिल्या पानावर ‘श्री’ बोरूनंच लिहायचा ही आमच्या घरची रीत आहे. त्यासाठी वर्षातून एकदा तरी हा चाकू उघडतो.

मोठ्या पात्याच्या बुडाशी छाप आहे. भिंगातून पाहिलं तर एक चांदणी, एक क्रॉस, इंग्रजीत जोसेफ रॉजर्स अँड सन्स, शेफील्ड आणि मुकुटाच्या दोन बाजूंना जी आणि आर ही अक्षरं. शेफील्ड हे इंग्लंडातलं चाकूसुऱ्यांचं गाव, जसं आपल्याकडे कुलपांचं अलीगढ. रॉजर्स घराणं तिथं १६८२ पासून या धंद्यात आहे असं सांगतात. चांदणी आणि माल्टीज क्रॉसचं चिन्ह त्यांना १७६४ मध्ये मिळालं. पुढे १८२२ मध्ये इंग्लंडच्या राजाचे चाकूवाले म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि त्यानंतर मालावर राजाराणीची अक्षरं यायला लागली. व्हिक्टोरिया राणीच्या काळात व्ही आर, जॉर्जच्या काळात जी आर. म्हणजे आमचा चाकू १९१० नंतरचा, पाचव्या जॉर्जच्या नाहीतर सहाव्याच्या काळातला. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे जालन्यावरून धावू लागली. तेव्हा मुंबईच्या बंदरात उतरलेला माल इथल्या बाजारात यायला फार दिवस लागत नसणार.

याच रॉजर्सनी १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनासाठी ७५ पात्यांचा एक चाकू केला होता. नॉरफोक नाइफ म्हणतात त्याला, अजून शेफील्डच्या कटलर्स हॉलमध्ये आहे. ७५ पात्यांनी माणूस काय कापणार, देव जाणे. पण आपल्या रामपूरवाल्यांनीही २०२३ मध्ये चौकात वीस फुटांचा चाकू उभा केलाच ना.

तर मूठ. माझा पुतण्या पुण्यात असतो, जुनी पेनं आणि चाकू जमवायचा त्याला नाद आहे. त्याला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन. ‘काकी, तो काहीही करून चिकटवू नका. आधी भिंग घ्या आणि तुटलेल्या तुकड्याची कड बघा.’

त्यानं सांगितलेलं इथे लिहून ठेवते, कारण पुष्कळांच्या घरी ‘हस्तिदंती’ म्हणून काही ना काही असतं. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषा दिसतात, जाळी विणल्यासारख्या. हाडात त्या नसतात. हाडात बारीक काळसर ठिपके आणि तुटक रेघा दिसतात, कारण जिवंतपणी तिथून रक्तवाहिन्या जात होत्या. सांबरशिंग आणखी वेगळं, त्याचा गाभा जाळीदार असतो आणि वरची साल खडबडीत. (तेच सांबरशिंग, जे आपल्या आज्या सहाणेवर उगाळून छातीला लावायच्या.) म्हशीचं शिंग मात्र हाड नव्हेच, ते नखासारखं, केसासारखं. काही जण गरम सुई टोचून वासावरून ओळखतात. तसं कृपा करून करू नका. मूठ सेल्युलॉइडची निघाली तर भडका उडतो.

भिंगाखाली ठिपके दिसले. स्पष्ट, ओळीनं, शाईची टाचणी टोचल्यासारखे.

हाड. शेफील्डला बैलांच्या आणि गायींच्या नळीच्या हाडांच्या मुठी पोत्यानं व्हायच्या. खाटिकखान्यातून हाडं यायची, उकळून चरबी काढायची, करवतीनं पट्ट्या पाडायच्या, घासून गुळगुळीत करायच्या. हस्तिदंत श्रीमंतांसाठी, हाड बाकीच्यांसाठी. वापरून वापरून हाताचं तेल मुरलं की हाडही हस्तिदंतासारखं पिवळं, मऊ दिसायला लागतं. आजेसासऱ्यांना कुणी फसवलं की त्यांनीच कौतुकानं नाव वाढवलं, हे आता कोण सांगणार.

मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. ज्या घरात कांदा-लसूण चढत नाही, रात्री पाणीसुद्धा उकळून गाळून ठेवतात, त्या घरात गाईबैलाच्या हाडाची वस्तू तीन पिढ्या लक्ष्मीच्या मेजात होती आणि आम्ही ती कौतुकानं दाखवत होतो. मग मनात दुसरं आलं, ते जास्त टोचलं. हस्तिदंत निघाला असता तर मी निवांत झोपले असते का? म्हणजे हत्ती चालला असता?

दर पक्खीला प्रतिक्रमण करताना आपण सातव्या व्रतात पंधरा कर्मादानं म्हणतो. श्रावकानं करू नयेत असे पंधरा धंदे. उपासकदशांगात आनंद श्रावकाच्या प्रकरणात ती येतात. त्यातलं एक दंतवाणिज्य आणि त्याला लागून लाक्षावाणिज्य. चाळीस वर्षं मी हे शब्द म्हणते आहे. आगगाडीतली स्टेशनं जशी म्हणावीत तशी. दंतवाणिज्य म्हणजे दातांचा व्यापार, बास. पुढे विचार केला नाही.

आता पुस्तकं काढली. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी कुमारपाल राजासाठी योगशास्त्र लिहिलं. त्यात दंतवाणिज्याचा अर्थ नुसता हत्तीचा दात इतकाच नाही. दात, केस, नखं, हाडं, कातडी, त्रस जीवाचं कुठलंही अंग व्यापारासाठी घेणं, आणि तेही ‘आकरात’ जाऊन, म्हणजे जिथून माल निघतो त्या जागी. हा शब्द वाचून मी थांबले. आठशे वर्षांपूर्वीच्या एका साधूला बाजार कसा चालतो ते नेमकं ठाऊक होतं. व्यापारी रानाच्या तोंडाशी थैली घेऊन उभा राहिला की शिकारी रानात जातो. मागणीच हत्ती मारते, हे अर्थशास्त्र आम्हाला कॉलेजात पुरवठ्याच्या वक्ररेषेनं शिकवलं. त्यांनी एका शब्दात सांगितलं.

आणि आपला समाज या बाजारापासून लांब नव्हता. मारवाडात नवरीला हस्तिदंती चुडा घालायची पद्धत होती, मनगटापासून दंडापर्यंत. गुजरातेतही हस्तिदंती बांगड्या. आपल्या हत्तींचा दात पुरेना म्हणून एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेचा हस्तिदंत झांजिबारहून गलबतांनी मुंबईला आणि कच्छच्या मांडवीला यायचा. काही इथं बांगड्यांना जायचा आणि पुष्कळसा मुंबईहून पुन्हा जहाजात चढून लंडनला. तिथून चाकूंच्या मुठी, पियानोच्या पट्ट्या, बिलियर्डचे चेंडू.

हत्ती कमी झाले, दात महागले, तेव्हा माणसानं नकली शोधायला सुरुवात केली. दयेपोटी नव्हे, किमतीपोटी. अमेरिकेत बिलियर्डच्या चेंडूंना पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर झालं होतं. त्या नादात जॉन वेस्ली हायट यानं कापसापासून केलेल्या नायट्रोसेल्युलोजमध्ये आपला पूजेचा कापूर मिसळून सेल्युलॉइड तयार केलं, १८७० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. चाकूंना त्याच्या ‘हस्तिदंती’ मुठी आल्या. पण सेल्युलॉइड म्हातारं झालं की त्यातून आम्ल वायू सुटतो आणि शेजारचं पातं गंजतं. पुतण्या असे चाकू डब्यात वेगळे ठेवतो, आजारी मुलासारखे.

एकोणिसावं शतक संपता संपता जर्मनीत दुधापासून कठीण पदार्थ निघाला. केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन, फॉर्मॅलिनमध्ये ठेवून दगडासारखं करायचं. बटणं, पेनं, चाकूंच्या मुठी, सगळं झालं त्याचं. दुधाची मूठ! वाचून मला इतका आनंद झाला, पुतण्याला रात्री साडेनऊला फोन केला. तो म्हणाला, ‘काकी, दूध फाडायला रेनेट वापरायचे.’ रेनेट म्हणजे वासराच्या जठरातून काढतात ते. आपण पनीर-चीजच्या पाकिटामागे जे शोधत बसतो तेच. फोन ठेवला.

कायदा या सगळ्याच्या खूप मागून आला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७७ मध्ये आपला हत्ती त्याच्या पहिल्या अनुसूचीत, १९८६ मध्ये देशी हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी, १९९१ मध्ये आफ्रिकेतून आलेल्या हस्तिदंताच्याही. व्यापारी न्यायालयात गेले. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली. तेव्हा घरात खरंच हस्तिदंती काही असेल तर ते कुणाला विकायच्या भानगडीत पडू नका, तो गुन्हा आहे. हाडाला अशी बंदी नाही. गाईबैलाचा दात कुणाला मोलाचा वाटला नाही, म्हणून त्यांच्यासाठी अनुसूचीही नाही.

आता दुरुस्ती. पुतण्याचं म्हणणं, जुन्या वस्तूला जुनीच वस्तू लावावी. रॉजर्सचाच एखादा मोडका चाकू शोधू, त्याची हाडाची पट्टी काढू, यावर बसवू. संग्राहक असंच करतात, मूळ रूप राहतं, किंमत राहते. मी म्हटलं, हाड नको. तो म्हणाला, ‘काकी, तो बैल शंभर वर्षांपूर्वी मेला. आपण नवीन कुणाला मारत नाही. आणि दुसऱ्या बाजूला हाडच आहे, ते काय काढून टाकणार?’

प्रामाणिकपणे सांगते, त्याच्या मुद्द्याला माझ्याकडे चोख उत्तर नव्हतं. हेमचंद्राचार्यांचा ‘आकर’ शब्द धरला तर बाजू त्याचीच वरचढ. मोडका चाकू म्हणजे काही रानाचं तोंड नव्हे. पण आपल्याकडे करणं, करवणं आणि अनुमोदन अशी तीन दारं आहेत. पहिली दोन बंद असली तरी, हाड सुंदर दिसतं म्हणून मी ते शोधायला निघाले, पैसे मोजले, तर तिसऱ्या दारातून आत शिरलेच. घरात आलेलं हाड आजेसासऱ्यांचं. नवीन लावलेलं माझं असेल. फरक बारीक आहे, पण मला तो दिसला.

जुन्या जालन्यात एक म्हातारे शिकलगार आहेत. सैकल म्हणजे अरबीत चकाकी, तलवारींना पाणी देणारे ते शिकलगार. जालन्यात छावणी होती, फौजा होत्या, १८०३ ची असईची लढाई इथून जवळच भोकरदनकडे झाली. अशा मुलखात हत्यारांना धार लावणाऱ्यांना काम कमी नसणार. तलवारी गेल्या, आता विळे, कात्र्या, अडकित्ते, ऊस तोडायचे कोयते. त्यांच्याकडे चाकू नेला. त्यांनी पातं उघडलं, अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिलं आणि म्हणाले, ‘असं पोलाद आता बघायला मिळत नाही. मूठ कशाची लावू? प्लास्टिक आहे, म्हशीचं शिंग आहे.’

मी पिशवीतून शिसवी लाटणं काढलं. आईकडून आलेलं, टोकाला चीर गेल्यामुळे दोन वर्षं माळ्यावर पडलेलं. वनकर्म हेही पंधरांतलं एक, तेव्हा माझ्या मुठीसाठी नवीन झाडाला हात लागायला नको, एवढंच माझ्या डोक्यात. ते हसले. ‘लाटण्याची मूठ! बरं. आतून लाख भरू का बाई? दहा वर्षं हलणार नाही.’

‘लाख नको.’

‘मग सरस?’

‘सरस तर मुळीच नको.’

‘मग बसवू कशावर, भरवशावर?’

आपल्याकडे चाकूविळ्यांच्या मुठी लाखेवरच बसतात. लाख गरम करून मुठीच्या भोकात भरायची आणि पात्याची शेपटी खुपसायची. पण लाख म्हणजे फांदीवर हजारो किड्यांनी अंगाभोवती केलेलं घर. खरवडताना, वितळवताना ते किडे जातात. सरस तर कातडी-हाडं उकळूनच होतो. हे त्यांना सांगत असताना त्यांची नजर माझ्या हातांकडे गेली. दोन्ही मनगटांत लाखेच्या बांगड्या, भाचीच्या लग्नातल्या. ते काही बोलले नाहीत. माणूस सभ्य. मीच घरी येऊन उतरवल्या.

शेवटी म्हणाले, चांगल्या चाकूला चिकट लागतच नाही. खरंच होतं ते. अशा चाकूच्या आत दोन पितळी पत्रे असतात, त्यांच्या मधे पाती आणि पाठीला पोलादी कमान. मुठीच्या पट्ट्या बाहेरून, आणि सगळ्यांना आरपार धरून ठेवतात त्या तारेच्या रिव्हेटा. त्यांनी फुटक्या बाजूच्या रिव्हेटांची डोकी कानशीनं घासली, बारीक खिळ्यानं ठोकून त्या बाहेर काढल्या. कमानीला ताण असतो, ती उसळू नये याची काळजी घेतली. लाटण्याची उभी चकती पाडली, तुटलेले दोन तुकडे जोडून त्यावरून आकार आखला, जुन्याच भोकांतून शिसवीला भोकं पाडली. पितळी तार ओवली आणि इवल्याशा हातोडीनं, टक टक, तिची डोकी फुलवली. जोरात मारलं तर लाकूड चिरतं. फार घट्ट केलं तर पातं उघडत नाही, म्हणून ठोकताना पात्याशेजारी कागदाचा कपटा ठेवला, मग ओढून काढला. दीड तास गेला. पैसे इतके कमी सांगितले की मला लाज वाटली, दुप्पट दिले. शेवटी एक थेंब तेल. तेही त्यांनी विचारून टाकलं, ‘गोडं तेल चालेल ना?’ गोड्या तेलानं चाकू चिकट होतो हे मला माहीत होतं, म्हणून शिलाई मशीनचं टाका म्हटलं.

पुतण्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर, ‘काकी, किंमत शून्य झाली. पण छान दिसतोय.’

चाकू आता एका बाजूनं पिवळा, एका बाजूनं काळपट तांबडा आहे. हाडाच्या बाजूचं काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही. महासतीजी चातुर्मासाला आल्या की विचारणार आहे.

सासूबाईंना सांगावं की नाही, हे आठ दिवस मनात घोळत होतं. त्या एकोणनव्वद वर्षांच्या आहेत, डोळ्यांना फारसं दिसत नाही. वहीपूजनाच्या आदल्या दिवशी त्यांनीच चाकू मागितला. हातात घेऊन दोन्ही बाजूंनी अंगठा फिरवला. म्हणाल्या, ‘ही बाजू गार आहे, ही नाही.’ मग मी सगळं सांगितलं. लाटणं, लाख, हाड. हाड म्हटल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या.

मग म्हणाल्या, ‘तुझे सासरे बोरू नेहमी आदल्या दिवशी तासून ठेवायचे. पूजेच्या ताटात बोरू जायचा, दौत जायची, चाकू कधी गेला नाही. मी एकदा ठेवला होता, तर उचलून खणात टाकला. मला वाटलं, धारेचा म्हणून.’

चाकू त्यांनी माझ्या हातात परत दिला आणि विचारलं, ‘बोरू तासून झाला का?’